डावीकडे झुकलेली माशी

मंगळवार, ७ सप्टेंबर २०१०

ट्रुडीने शेवटी पेटारा मागवलाच. डझनभर चिनी रायफली. अमेरिकन लष्कराच्या एम-चौदाची नक्कल, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी तिचा सख्खा मामा. तिच्या बापाने दुकान थाटलं तेव्हा फळ्या मी ठोकल्या. पण मला विचारलं कधी, तर पेटारा दारात उतरल्यावर.

"आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, मामा."

म्हणालोच असतो. मग विचारायचं कशासाठी असतं?

तिचं म्हणणं असं की हायवेवर ते अवाढव्य दुकान उघडल्यापासून लार्च फॉर्कचे लोक गळ आणि गांडुळंसुद्धा तिकडून आणतात, म्हणून तिकडे मिळत नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं. पुरवठादार ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, दुसऱ्या दिवसापर्यंत माल परत घेईल. त्यानंतर तो हिच्या गळ्यात. रायफली खपल्या तर दुकान हिवाळा काढेल. नाही खपल्या तर बापाच्या नावाची पाटी उतरवायची आणि त्याच हायवेवरच्या दुकानात जाऊन दुसऱ्याच्या गल्ल्यावर उभं राहायचं. हे सांगताना ती हसत होती. तिच्या आईलाही ही खोड होती, रडू आलं की हसायचं.

आणि खपणार कशाच्या जोरावर? माझ्या दोरीच्या. लाकूडगिरणीत जन्मभर मी करवतीच्या पट्ट्या सरळ केल्या. पट्टी चालवण्याजोगी झाली की हिरवी दोरी बांधायची, पुन्हा ठोकायची असली की लाल. निवृत्त झाल्यावर लोक बंदुका दाखवायला आणू लागले, दोऱ्या तशाच राहिल्या. या खोऱ्यात ऑर्व्हल टेस्कीच्या हिरव्या दोरीशिवाय कोणी जुनी बंदूकही विकत घेत नाही. हा गर्व नव्हे, गावाचा रिवाज आहे.

"तू फक्त बघ," ट्रुडी म्हणाली.

बघतो. बघायला काय जातंय.

गुरुवार, ९ सप्टेंबर

पहिल्या चार उघडल्या. ग्रीस असं थापलेलं की आत रायफल आहे की भाजलेलं बदक, कळू नये. मॅव्हिसने स्वयंपाकघरातून हाकललं. बायको म्हणून एकावन्न वर्षं काढली पण माझ्या कामाची कदर नाही. गॅरेजमध्ये रॉकेल आणि चिंध्या घेऊन बसलो.

दस्त्याचं लाकूड कुठल्या झाडाचं, ते त्या झाडालाही सांगता यायचं नाही. वर पॉलिश असं की शाळेतल्या बाकांना शोभावं. एकीचं तोंडावरचं टोपण हातानं फिरत होतं, ते घट्ट केलं. बोल्ट आणि नळी यांच्यामधली जागा पोलादी मापं घालून तपासली. चिनी मालात ती हमखास सैल असते असं सगळे सांगतात. चारही मापात बसल्या. मला मुळीच आनंद झाला नाही. नळी ज्यात बसते तो मधला सांगाडा ओतीव नाही, घडीव पोलादाचा आहे. असेल. गाढवाला सोन्याची नाल ठोकली म्हणून ते शर्यत जिंकत नाही.

संध्याकाळी बाहेर आलो तर शेजारच्या केर्नीचं नवं कुंपण दिसलं. डावा डोळा मिटून एका टोकाकडून पाहिलं, करवत पाहतो तसं. मधोमध चक्क पोट आलंय. त्याला तसं सांगितलं. "दोरी लावून घातलंय, ऑर्व्हल!" म्हणे. आजकाल दोऱ्याही वाकड्या मिळतात बहुतेक.

सोमवार, १३ सप्टेंबर

सापडलं! कुठेतरी पाणी मुरतंय हे मला ठाऊकच होतं.

नळीच्या टोकावर नेम धरायची जी माशी असते, ती मागच्या, ज्यातून पाहायचं त्या भोकाशी अगदी उभी, काटकोनात हवी. नळी बसवताना कारखान्यात केसभर कमी-जास्त आवळली की माशी कलते. चिनी मालाचा हा नावाजलेला दोष, नेमबाजीच्या क्लबातलं कोणीही सांगेल. आज सगळ्या रायफली शिकंज्यात धरून, डावा डोळा मिटून, एकेक पाहिली. सगळ्यांची माशी डावीकडे झुकलेली. सगळ्यांची! आणि सारखीच! निदान दोन उजवीकडे तरी वाकवायच्या. चुकण्यातसुद्धा यांना कल्पकता नाही.

गंमत म्हणजे प्रत्येकीवर नळी आणि सांगाडा जुळवल्याची बारीक रेघ ओढलेली आहे, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना बिनचूक भिडतात. म्हणजे चूकसुद्धा मोजून-मापून केलेली. आंधळ्याने रेघ मारायची आणि आंधळ्याने तपासायची.

ट्रुडीला बोलावलं. तिने एक रायफल उचलली, दुसरी उचलली.

"मला तर सरळ दिसतेय, मामा."

"तुला दिसणारच. तुला विकायच्या आहेत."

तिने दोन्ही रायफली खाली ठेवल्या. मी सगळ्यांना लाल दोरी बांधली. दुकानाच्या भिंतीवर ओळीने लावल्या तेव्हा बारा लाल दोऱ्या लोंबत होत्या. गोड दिसत नव्हतं, पण खरं ते खरं.

शनिवार, १८ सप्टेंबर

सकाळी विल्फ लाउच्या कॅफेत. अंडी बरी होती, कॉफी नेहमीसारखी वाईट. विल्फने लाल दोरीसकट एक रायफल विकत घेतली! मी म्हटलं, "पणजोबाच्या चीनला जागलास."

"ऑर्व्हल," तो तव्यावरून मान न वळवता म्हणाला, "माझ्या पणजोबाने इथला लोहमार्ग टाकला तेव्हा तुझा पणजोबा स्कॉटलंडात मेंढ्यांच्या मागे पळत होता. या कॅफेत तूच एक परदेशी माल आहेस."

सगळा कॅफे हसला. हसू देत. विल्फशी तीस वर्षांची दोस्ती आहे, त्याला तेवढा हक्क आहे.

दुपारी चांदमारीवर त्याने त्या चिनी सोनूबाईने पाच गोळ्या झाडल्या. सगळ्या एका बशीत मावतील अशा. मी म्हटलं, आंधळ्याच्या हाती लागला ससा. तो म्हणाला, "मग तू झाड." माझा खांदा दुखत होता. शिवाय ऑगस्टपासून क्लबाने जी काडतुसं आणलीत ती भिकार आहेत. गेल्या वेळी क्लबाच्या बंदुकीने माझ्यासारख्याच्या गोळ्या निशाणाबाहेर गेल्या, यावरून काय ते समजा.

वर विल्फचा टोमणा. "तुझी ती अमेरिकन तरी खरी कुठे आहे? खरी एम-चौदा फक्त लष्कराकडे. तुझीपण नक्कलच."

नक्कल आणि नक्कल यांत फरक असतो. माझी मी स्वतः उघडून, नळी स्वतःच्या हाताने बसवून, कानशीने रेघ मारून ठेवलेली आहे. गेल्या शरद ऋतूपासून कपाटात आहे. थँक्सगिव्हिंगच्या सामन्याला काढीन, मग बघू कोण हसतो ते.

क्लबाचा झेंड्याचा खांबही कललाय. सेक्रेटरीला सांगितलं. तो वर बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे खूप पाहिले. इथे तर अंगण खरोखर वाकडं असताना कोणाला दिसत नाही.

मंगळवार, २१ सप्टेंबर

फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब फारच आत घेतलाय. मॅव्हिस म्हणते तो एकोणीसशे सत्तरपासून तिथेच आहे.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

ट्रुडी घरी आली. मॅव्हिसने सफरचंदाचा केक पुढे केला, तिने घेतला नाही, तेव्हाच कळलं की काम अवघड आहे.

डेल हेगस्ट्रॉम तयार आहे म्हणे. हा डेल वर डोंगरात शिकारीचा तळ चालवतो. अस्वलांपासून रक्षण म्हणून त्याच्या वाटाड्यांना रायफली हव्यात. उरलेल्या सगळ्या एकदम घेईल, पण हिरवी दोरी हवी.

"मामा, एक काम कर. तुला माशी वाकडी वाटते ना? मग सरळ कर. एक तरी कर. डेल ती वापरून बघेल."

"वाटते नव्हे, आहे."

"बरं, आहे. सरळ कर."

हे म्हणताना ती हसली, आईसारखी. मॅव्हिस माझ्याकडे अशी बघत होती की जणू केक मीच जाळला. आता चिनी माल मी दुरुस्त करायचा म्हणजे डुकराची दाढी करून देण्यासारखं आहे. पण पोर माझ्या बहिणीची. हो म्हटलं.

सोमवार, २७ सप्टेंबर

केलं. नळी शिकंज्यात आवळली, सांगाड्याला पाना लावला, आणि लांब दांड्यावर सगळा भार टाकला. सहजासहजी हलेना, इतकी घट्ट बसवलेली. कुरकुर करत शेवटी फिरली. जुन्या रेघा आता एकमेकींपासून चांगल्या सरकल्या, त्या कानशीने घासून टाकल्या. पुन्हा डावा डोळा मिटून पाहिलं. माशी उभी! चर्चच्या मनोऱ्यासारखी उभी. आपल्याच चर्चच्या म्हणत नाही, त्याचा मनोराही यंदा तिरका वाटतो.

हिरवी दोरी बांधली. ट्रुडीने रायफल बराच वेळ धरून पाहिली. "मामा, नक्की?" म्हणाली. मी पाना खुंटीला टांगला. चाळीस वर्षांत मला हा प्रश्न गिरणीच्या मालकानेही विचारला नव्हता.

रविवार, ३ ऑक्टोबर

डेल रायफल परत घेऊन आला. शंभर पावलांवर जवळजवळ हातभर डावीकडे मारते म्हणे. दुकानात आणखी दोघं-तिघं होती, त्यांच्यासमोर.

"तुझी हिरवी दोरी आहे म्हणून अस्वलासमोर घेऊन गेलो असतो, ऑर्व्हल. तू मला मारलं असतंस."

मी म्हटलं, "चिनी नळी आहे. सरळ केली तरी स्वभाव जात नाही." कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, इथे तर नळीच शेपटासारखी. लोक हसतील असं वाटलं. कोणी हसलं नाही.

डेलने ऑर्डर रद्द केली. तो गेल्यावर ट्रुडीने त्या रायफलीची हिरवी दोरी सोडली आणि शांतपणे मला विचारलं, "लाल बांधशील?" मी बांधली. गाठ दोनदा सुटली.

बुधवार, ६ ऑक्टोबर

ट्रुडी माल भरतेय. मंगळवारी ट्रक येऊन घेऊन जाईल. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडत नाही. पुठ्ठ्याचे खोके चिकटपट्टीने बंद करते आणि "मामा, जरा सरक" म्हणते. बापाच्या नावाची पाटी विकत घेणारं कोणी आहे का असं विल्फला विचारत होती. विल्फने तिला सांगितलं, पाटी उतरवलीस तर कॅफेत पाय ठेवू देणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू. डोळे तपासून घे."

मॅव्हिसचंही तेच पालुपद. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाव घालते म्हणे. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी या खोऱ्यातली निम्मी लाकडं सरळ कापली गेलीत. ती म्हणाली, "काल तू टेबलक्लॉथवर कॉफी ओतलीस, कप बाजूला होता." कप बाजूला कोणी ठेवला?

तत्त्वासाठी माणसाला एकटं पडावं लागतं. ठीक आहे. पण रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर

सोमवारच्या सामन्यासाठी सकाळी माझी रायफल कपाटातून काढली. ट्रुडीला बोलावून दाखवणार होतो, सरळ म्हणजे काय ते. माल जायच्या आधी एकदा तिला पटलं असतं की मामाने वैर केलं नाही. फडकं सोडलं, शिकंज्यात धरली, डावा डोळा मिटला.

माशी डावीकडे.

मॅव्हिसवर ओरडलो. कोणी हात लावला? केर्नीचा जावई आला होता का गॅरेजमध्ये? ती ओले हात पुसत आली. "कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात आहे," म्हणाली आणि गेली.

मग मी मारलेली रेघ पाहिली. नळीवर अर्धी, सांगाड्यावर अर्धी. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून अंगठ्याचं नख फिरवलं. अडलं नाही. पुन्हा फिरवलं. कुठेच अडलं नाही. रेघ अखंड आहे. मी बसवल्यापासून नळी केसभरही हललेली नाही.

रायफल हललेली नाही. तरी माशी डावीकडे आहे. त्या चिनी रायफलींच्याही रेघा जुळत होत्या.

स्टुलावर बसलो. मग जे जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. डावा उघडला आणि उजवा मिटला.

माशी उभी होती.

दारातून केर्नीचं कुंपण पाहिलं. सरळ. हरामखोर कुंपण, काय सरळ आहे. मग डावा मिटून उजव्याने पाहिलं, तर पुन्हा पोट आलं. असं किती वेळ करत होतो कुणास ठाऊक. मॅव्हिस दारात येऊन उभी राहिली, तिला वाटलं मी डोळे मिचकावतोय. तिला सांगायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. एकाहत्तर वर्षांचा घोडा, ग्रीसच्या डब्यात नाक शिंकरत बसलो.

तिने चिंधी दिली, तीही ग्रीसची.

सोमवार, ११ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

सामन्याला गेलो. जाण्याआधी लाल दोरी घेतली आणि चष्म्याच्या उजव्या काडीला बांधली. चांगली दोन टोकं लोंबती ठेवून, दुकानात बांधतो तशी. मॅव्हिस गाडी चालवत होती. तिने एकदाच बघितलं आणि गियर टाकला.

चांदमारीवर सगळं गाव. टर्की कापायची लांब टेबलं, पोरंसोरं, डेल, क्लबाचा तो सरळ खांब. पहिल्यांदा विल्फने पाहिलं.

"हे काय लोंबतंय?"

"तपासला. सदोष निघाला."

तो हसणार होता, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मग हळूच म्हणाला, "माल कुठला?"

"अस्सल लार्च फॉर्कचा. एकोणचाळीस सालचा."

"मग परत घेणार नाहीत," विल्फ म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा हात जड आहे.

ट्रुडी टर्कीच्या टेबलाशी होती. तिथे जाऊन सांगितलं. वाटलं होतं मिठी मारेल. पोर लालबुंद झाली.

"मी तुला सांगितलं होतं सरळ आहे. तू काय म्हणालास? मला विकायच्या आहेत म्हणून! पेटारा आल्यापासून मी एक घास सुखाने खाल्ला नाही, मामा. आणि तू दोरी चष्म्याला बांधून माझ्या कानात कुजबुजतोस? लाल दोऱ्या कुठे बांधल्या होत्यास? भिंतीवर. सगळ्यांना दिसतील अशा."

बरोबर होतं. बाकावर चढलो. गुडघ्यामुळे हात धरावा लागला, तोही विल्फचा. लोक वळले, त्यांना वाटलं मी प्रार्थना म्हणणार. मी सांगितलं की ट्रुडीच्या रायफलींत खोट नव्हती, खोट या डोळ्यात होती. डेलच्या रायफलीची नळी मी स्वतः वाकडी बसवली, आणि अस्वल आलं असतं तर दोष चीनचा नसता, माझा असता. मागून कोणीतरी ओरडलं, "मग माझी बंदूक लाल केलीस ती?" म्हटलं, ऑगस्टनंतरच्या सगळ्या परत आणा, फुकट बघेन. "आता कोणत्या डोळ्याने?" यावर मात्र सगळे हसले. लाज वाटली. इतकी लाज मला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती, तेव्हा तर मी पाद्र्याच्या पायावर पाय दिला होता.

डेल टेबलापासून उठला. ट्रुडीच्या गाडीत ट्रकला द्यायचे खोके होतेच. त्याने एक फोडला, हाताला लागली ती रायफल घेतली आणि मैदानाच्या कडेला जाऊन पालथा पडला. गोळ्या झाडून झाल्यावर स्वतः चालत जाऊन निशाण घेऊन आला आणि ट्रुडीच्या हातात दिलं. त्यावर त्याने आपल्या हाताची मूठ ठेवून दाखवली. सगळी भोकं मुठीखाली झाकली गेली.

"उद्या ट्रकला सांग, रिकामा जा," तो म्हणाला. "फक्त ती एक नको. ऑर्व्हलच्या हातची."

मी सवयीने खिशातून हिरवी दोरी काढली. ट्रुडीने ती माझ्या हातातून घेतली. "दोरी आता मी बांधणार," म्हणाली, आणि तिथेच गुडघ्यावर बसून त्या रायफलीला गाठ मारली. चांगली मारली, तिच्या आईसारखी.

मी गोळी झाडली नाही. माझी रायफल विल्फला दिली. तो जिंकला. आता वर्षभर ऐकावं लागणार.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

मॅव्हिसने डॉक्टरकडे नाव घातलं. डोळ्याचा हा बिघाड कदाचित थांबेल, कदाचित वाढेल, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही असं फोनवर म्हणाले. मला भीती वाटते. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

ती उरलेली रायफल ट्रुडीने गॅरेजमध्ये आणून दिली. दांडा मी ओढला, डोळा तिने लावला. "आणखी, मामा. आणखी. बस." तिने सपाटपट्टी लावून पुन्हा तपासलं, आणि मी बाजूला सरकलो. ही रायफल ती विकणार नाही म्हणाली, दुकानात गल्ल्यामागे टांगून ठेवणार, लाल दोरीसकट. विल्फ आत्तापासूनच गिऱ्हाइकांना गोष्ट सांगत सुटलाय. थोडक्यात सांगायची तर ती अशी: डझनभर चिनी रायफलींत वाकडी एकच निघाली, आणि ती मी सरळ केलेली.